सर, आत येऊ का?

एखाद्या दिवशी शाळेत पोहोचायला तुम्हांला उशीर होतो. तास सुरू झालेला असतो. तुम्ही धापा टाकत वर्गाच्या दारात येता. तास इंग्रजीचा असेल, तर 'मे आय कम इन, सर?' हे वाक्य आपोआप तोंडातून बाहेर पडते. लहानपणी पाठ केलेले ते वाक्य तुम्ही झोपेतही म्हणू शकाल. तास उर्दूचा असेल, तर काही प्रश्नच नाही. ती घरचीच भाषा. पण तास मराठीचा असेल तर? मग बरेच जण दारात नुसते उभे राहतात. कोणी हात पुढे करतो, कोणी सरांचे लक्ष जाईपर्यंत वाट पाहतो आणि कोणी मराठीच्या तासालाही 'मे आय कम इन' म्हणून सुटका करून घेतो.

मी अनेक वर्षे उर्दू शाळेत मराठी शिकवली. दारात उभी राहणारी ही मुले मी रोज पाहिली आहेत. त्यांना मराठी येत नव्हती असे नाही. धडा वाचायला सांगितला की ती वाचत. प्रश्नांची उत्तरे लिहीत. परीक्षेत चांगले गुणही मिळवत. पण धड्याबाहेरचे एखादे वाक्य स्वतःहून बोलायचे म्हटले, की ती गप्प होत. म्हणून या पाठात आपण पुस्तकातली नव्हे, तर वर्गातली मराठी पाहू. पहिल्या घंटेपासून शाळा सुटेपर्यंत तुम्ही आणि तुमचे शिक्षक एकमेकांशी जे बोलता, ती मराठी.

सुरुवात दारापासूनच करू. उर्दूत तुम्ही विचारता, 'क्या मैं अंदर आ सकता हूँ?' काही हुशार मुले या वाक्यातला एकेक शब्द मराठीत बदलतात आणि विचारतात, "सर, मी आत येऊ शकतो का?" हे वाक्य चुकीचे नाही, पण मराठी कानाला ते थोडे विचित्र वाटते. 'येऊ शकतो' म्हणजे येण्याची ताकद आहे. तुमचे पाय धड आहेत, दार उघडे आहे, मग तुम्ही येऊ शकताच की! परवानगी मागण्यासाठी मराठीत 'शकणे' लागत नाही. "आत येऊ का?" हे तीन शब्द पुरेसे आहेत. याच साच्यात तुम्हांला हवी तेवढी वाक्ये ओतता येतील : पाणी प्यायला जाऊ का? खिडकी उघडू का? फळा पुसू का? मी वाचू का? आणखी एक सोय अशी, की विचारणारा मुलगा असो की मुलगी, 'येऊ', 'जाऊ', 'वाचू' ही रूपे बदलत नाहीत.

इतर ठिकाणी मात्र बदलतात, आणि तिथे मुलींची विशेष अडचण होते. उर्दूत मुलगी म्हणते, 'मैं करती हूँ'. त्यावरून ती मराठीत 'मी करती' म्हणते. प्रमाण मराठीत मुलगा म्हणतो 'मी करतो' आणि मुलगी म्हणते 'मी करते'. हे 'करते' उच्चारताना तिला संकोच वाटतो. कारण उर्दूत 'करते' हे रूप मुलांसाठी वापरतात. असेच 'मी आले', 'मी गेले', 'मी बसले'. उर्दूची सवय असलेल्या कानाला हे सगळे पुरुषांचे बोलणे वाटते. विदर्भात काही ठिकाणी बोलताना 'मी आली' असे म्हणतात. पण लिहिताना आणि वर्गात बोलताना 'मी आले' हेच ठेवावे. मुलींनी आठवडाभर धीर करून 'मी करते' म्हणावे. मग कान आपोआप सरावतो.

आता आदराचा प्रश्न घेऊ. हा थोडा नाजूक आहे, म्हणून सावकाश पाहू.

उर्दूत मोठ्यांशी बोलताना 'आप' म्हणतात, बरोबरीच्या माणसाला 'तुम' आणि अगदी जवळच्याला किंवा लहानाला 'तू'. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' असे तीन शब्द आहेत. तीन आणि तीन, म्हणजे जोड्या लावणे सोपे, असे तुम्हांला वाटेल. पण जोड्या तशा लागत नाहीत. मराठीत शिक्षकांना रोजच्या बोलण्यात 'तुम्ही' म्हणतात. "सर, तुम्ही काल आला नव्हता." हे वाक्य पूर्ण आदराचे आहे. उर्दू शाळेतल्या मुलाला मात्र 'तुम्ही'मध्ये 'तुम' ऐकू येते. गुरूला 'तुम' कसे म्हणायचे, या विचाराने त्याची जीभ अडते. म्हणून तो 'आपण' वापरतो. 'आपण'सुद्धा चुकीचे नाही. सभेत, पत्रात, पाहुण्यांशी बोलताना ते शोभते. रोज वर्गात ते थोडे जड होते, एवढेच.

उलट बाजूने पाहिले, तर मराठी शिक्षक विद्यार्थ्याला 'तू' म्हणतात. "अरे, तू गृहपाठ केलास का?" "अगं, तू इकडे ये." उर्दू घरात लहान मुलांशीही पुष्कळदा 'आप' म्हणून बोलतात. अशा घरातून आलेल्या मुलाला हे 'अरे' आणि 'तू' टोचते. सर रागावले, असे त्याला वाटते. सर रागावलेले नसतात. मराठीत 'अरे' आणि 'अगं' हे जवळिकीचे शब्द आहेत. मराठी घरात मूल आईलाही 'तू' म्हणते. "आई, तू जेवलीस का?" या प्रश्नात आदर कमी नसतो. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. पण थोडा विचार करा. दुआ मागताना तुम्हीसुद्धा 'तू' म्हणता, 'आप' म्हणत नाही.

शिक्षक वर्गात नसताना त्यांच्याविषयी बोलायचे असेल, तर दोन्ही भाषांची रीत एकच आहे. 'सर आला' म्हणायचे नाही, 'सर आले' म्हणायचे. 'बाई आली' नाही, 'बाई आल्या'. उर्दूत 'सर आए' म्हणता, तसेच हे.

'आपण' या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे. उर्दूत 'हम' हा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन शब्द होतात : 'आम्ही' आणि 'आपण'. ज्याच्याशी बोलतो आहोत तो आपल्यात नसेल, तर 'आम्ही'. तोही आपल्याबरोबर असेल, तर 'आपण'. हा फरक बारीक वाटतो. पण त्याने काय होते, ते पाहा. एकदा काही मुले माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, रविवारी आम्ही दौलताबादचा किल्ला पाहायला जाणार आहोत." मी म्हणालो, "छान! सांभाळून जा. वर अंधाऱ्या वाटेत दिवा न्यायला विसरू नका." मुले हलेनात. एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी एकजण हळूच म्हणाला, "सर, म्हणजे तुम्ही येणार नाही?" त्यांना मलाही बोलवायचे होते. 'आम्ही' म्हणून त्यांनी मला नकळत बाहेर ठेवले होते. "सर, आपण किल्ला पाहायला जाऊ या," असे ते म्हणाले असते, तर मी लगेच विचारले असते, "किती वाजता निघायचे?" (शेवटी आम्ही सगळे गेलो. दिवा न्यायला मीच विसरलो.)

आता पुढचा प्रसंग वाचा.

विद्यार्थी : सर, माझा पुस्तक घरी राहिला.
शिक्षक : माझे पुस्तक घरी राहिले.
विद्यार्थी : सर, तुमचे पण?

वर्ग हसला. शिक्षकही हसले. ते मुलाची चूक सुधारून सांगत होते आणि त्याला वाटले, सर स्वतःच्या पुस्तकाविषयी बोलत आहेत. पण त्या गडबडीत एक गोष्ट चांगली झाली. 'तुमचे पण?' म्हणताना त्याने 'तुमचे' हे रूप बरोबर वापरले होते!

'माझा पुस्तक' ही चूक का होते? उर्दूत दोनच लिंगे आहेत. प्रत्येक वस्तू एक तर पुल्लिंगी, नाही तर स्त्रीलिंगी. मराठीत तिसरे, नपुंसकलिंग आहे : तो कागद, ती वही, ते पुस्तक. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, तर मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी. पानी, दूध, घर हे शब्द उर्दूत पुल्लिंगी. पण मराठीत ते पाणी, ते दूध, ते घर. खिडकी आणि खुर्ची मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगीच. याला एक सरळ नियम सांगता आला असता, तर मी तो आनंदाने सांगितला असता. नवा शब्द शिकताना तो, ती किंवा ते जोडूनच तो म्हणावा, हाच मला सापडलेला उपाय आहे. आणि फार घाबरू नका. 'पेन' या शब्दाविषयी मराठी माणसांचेही एकमत नाही. कोणी 'तो पेन' म्हणतो, कोणी 'ते पेन'.

लिंगाचे हे काम क्रियापदापर्यंत जाते. 'मैंने सबक पढ़ा', 'मैंने किताब पढ़ी' या वाक्यांत वाचणारा एकच आहे. पण क्रियापद वाचलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. मराठीतही तसेच होते : मी धडा वाचला, मी कविता वाचली, मी पुस्तक वाचले. फरक एवढाच, की 'मी'ला 'ने' लागत नाही. 'मीने' असा शब्द मराठीत नाही. 'त्याने' आणि 'तिने' आहेत.

तुमच्या कानांची तक्रार मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, "सर, पुस्तकात 'माझे पुस्तक राहिले' असे लिहिलेले असते आणि तुम्ही बोलताना 'माझं पुस्तक राहिलं' म्हणता. मग खरे कोणते?" दोन्ही खरी. पहिले लिहिण्याचे, दुसरे बोलण्याचे. शिक्षक 'केलं का?' म्हणाले, तर ते 'केले का?' असेच विचारत आहेत, हे ओळखा. 'ळ'चीही थोडी सवय करा. शाळेतल्या बोलण्यात तो जागोजागी भेटतो : शाळा, फळा, वेळ, खेळ, ओळ. एका मुलीने पेपर लिहिताना घाईघाईने म्हटले, "बाई, थोडा वेल द्या ना!" वेळ मागताना तिने वेल मागितली. बाईंनी तिला पाच मिनिटे दिली. वेल शाळेच्या कुंपणावर होती.

वर्गात शिक्षक रोज एक प्रश्न विचारतात, "समजले का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो, सर!" खरे तर त्यातल्या निम्म्यांना समजलेले नसते. मी ते चेहऱ्यांवरून ओळखत असे; पण कोणाचे काय समजले नाही, हे चेहऱ्यावरून कसे कळणार? त्यासाठी एक वाक्य हवे : "सर, मला समजले नाही." उर्दूत 'मेरी समझ में नहीं आया' म्हणता. मराठीत 'माझ्या समजात आले नाही' असे म्हणत नाहीत. 'मला समजले नाही' किंवा 'मला कळले नाही' म्हणतात. त्याच्या जोडीला ही वाक्ये ठेवा : "पुन्हा एकदा सांगाल का?" "जरा सावकाश सांगा." "या शब्दाचा अर्थ काय?" आणि सर्वांत लहान, सर्वांत उपयोगी : "म्हणजे काय?"

शब्दच आठवत नसेल, तर उर्दू शब्द घालून विचारा.

विद्यार्थी : सर, 'इजाजत'ला मराठीत काय म्हणतात?
शिक्षक : परवानगी.
विद्यार्थी : आणि 'रुखसत की दरखास्त'?
शिक्षक : रजेचा अर्ज.
विद्यार्थी : सर, हे तर आमचेच शब्द आहेत!

विद्यार्थ्याचे म्हणणे खरे आहे. 'परवानगी' फारसी आहे. 'रजा' आणि 'अर्ज' अरबी आहेत. आता तुमचा वर्गच पाहा. शिक्षक 'हजेरी' घेतात; कोणी 'हजर' असतो, कोणी 'गैरहजर'. 'कागद' आणि 'शाई' फारसीतून आले. 'हुशार' आणि 'शाबास' हेही तिथलेच. 'नापास' या शब्दाची तर गंमत आहे : 'ना' फारसी आणि 'पास' इंग्रजी. दोन्ही परभाषांनी मिळून मुलाला खाली बसवले!

हे शब्द मराठीत कसे आले? १३४७ साली दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. पुढे अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, नंतर मोगल अशी राज्ये आली. राज्यकारभारात फारसी भाषा चाले. गावातला माणूस मराठी बोले. पण त्याचा सारा, त्याचा तंटा, त्याचे वतन यांची नोंद फारसी शब्दांत होई. कचेरीतून ते शब्द घराघरांत गेले. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यांच्या काळात 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. त्यात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. तरीही पुष्कळसे जुने शब्द लोकांच्या तोंडी राहिले. कवी माधव जूलियन, म्हणजेच माधव त्रिंबक पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी 'फारसी-मराठी कोश' तयार केला. तो १९२५ साली प्रसिद्ध झाला. मराठीतले किती शब्द फारसीच्या वाटेने आले आहेत, हे तो कोश चाळताना दिसते.

ही देवघेव एकाच बाजूने झाली नाही. मराठवाडा आणि हैदराबादकडचे लोक दखनी बोलताना 'नक्को' म्हणतात. हा मराठीतला 'नको'. 'मेराच', 'ऐसाच' यांतला 'च' हाही मराठीचाच. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तिथे उर्दू ही राजभाषा होती. हैदराबादला १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्या काळात मराठी घरातली कितीतरी मुले गणित आणि इतिहास उर्दूतून शिकली. म्हणजे आज दुसऱ्या भाषेतून बोलताना तुमची जीभ जशी अडखळते, तशी त्यांचीही अडखळत असेल. फक्त दिशा उलटी होती.

'नको'ची गोष्ट निघालीच आहे, तर एक सांगतो. शिक्षक विचारतात, "तुला आणखी एक कागद हवा का?" उर्दूत उत्तर असते, 'नहीं'. मराठीत इथे 'नाही' म्हणत नाहीत, 'नको' म्हणतात. कागद तुमच्याजवळ नसेल, तर 'नाही'. कागदाची गरज नसेल, तर 'नको'.

तर मराठीचे कितीतरी शब्द तुमच्या घरात आधीपासून आहेत. ही मोठी सोय आहे. पण यातच एक खड्डाही आहे. काही शब्द दिसायला तुमचे असतात. अर्थ मात्र मराठीत येऊन बदललेले असतात. शिक्षक म्हणतात, "दप्तर बाकावर ठेवा." उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कार्यालय, ते बाकावर कसे ठेवणार? मराठीत दप्तर म्हणजे पुस्तके-वह्या ठेवण्याची पिशवी. जुन्या कागदपत्रांच्या संग्रहालाही दप्तर म्हणतात. पुण्याचे 'पेशवे दप्तर' प्रसिद्ध आहे. शिक्षक म्हणतात, "वडिलांची सही आणा." उर्दूत 'सही' म्हणजे बरोबर. मराठीत सही म्हणजे, मजकूर बरोबर आहे हे दाखवण्यासाठी खाली लिहिलेले नाव. आणि उर्दूतला 'बराबर' म्हणजे समान. मराठीत उत्तर 'बरोबर' असते आणि मित्रही 'बरोबर' असतो. शिक्षक म्हणतात, "हरकत नाही." म्हणजे हालचाल करू नका, असे नव्हे, म्हणजे चालेल, अडचण नाही. आणि "त्याने प्रयत्नांची शिकस्त केली," हे वाक्य वाचून तो हरला असे समजू नका. त्याने जिवाचे रान केले, एवढाच त्याचा अर्थ. तो जिंकलाही असेल.

'तालीम' आणि 'किताब' या शब्दांचे तर मला नेहमी हसू येते. उर्दूत दोन्ही विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात. मराठीत दोन्ही पैलवानाला मिळतात! तालीम म्हणजे व्यायामाची, कुस्तीची जागा. किताब म्हणजे मानाची पदवी, जशी 'महाराष्ट्र केसरी'. 'मला पुढे तालीम घ्यायची आहे,' असे तुम्ही एखाद्या मराठी गृहस्थाला सांगितलेत, तर ते तुमच्या दंडांकडे पाहतील. नाटकाच्या सरावालाही तालीम म्हणतात. तेव्हा तुम्ही नटही ठराल.

हसण्यावारी नेण्यासारखे हे सगळेच नसते. माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. मुलगा अभ्यासात चांगला. वडील यंत्रमागावर काम करणारे. दहावीनंतर त्याने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. दाखला मिळायला वेळ लागल्यामुळे अर्ज चार दिवस उशिरा पोहोचला. कार्यालयाने त्याला कळवले, 'अर्ज विलंबाने सादर केल्याबाबत लेखी खुलासा करावा.' मुलाने ते पत्र वाचले. 'विलंब' आणि 'सादर' हे शब्द त्याने कोणाला तरी विचारून घेतले. 'खुलासा' विचारण्याची गरजच नव्हती. उर्दूच्या प्रत्येक परीक्षेत त्याने 'सबक का खुलासा' लिहिला होता. खुलासा म्हणजे सारांश! त्याने रात्री बसून सुंदर अक्षरात आपल्या अर्जाचा सारांश लिहिला : नाव, शाळा, गुण, वडिलांचे उत्पन्न. दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेला.

कारकून म्हणाला, "हा खुलासा नाही."

मुलगा परत आला. त्याने दहा ओळींच्या सहा केल्या. पुन्हा गेला.

कारकून पुन्हा म्हणाला, "अरे, हा खुलासा नाही."

मुलगा म्हणाला, "साहेब, यापेक्षा लहान खुलासा होत नाही."

तेव्हा कुठे गोंधळ उघड झाला. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. उशीर का झाला, त्याचे कारण. एका वाक्यात ते लिहून झाले असते. पण या येण्या-जाण्यात मुदत संपली होती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली. त्याने शिक्षण सोडले नाही; सकाळी कॉलेज आणि रात्रपाळीला वडिलांच्या शेजारच्या मागावर काम, असे ते वर्ष त्याने काढले. पुढे भेटला तेव्हा तो मला म्हणाला, "सर, शब्द अनोळखी असता, तर मी विचारलं असतं. ओळखीचा होता, म्हणून फसलो."

त्याचे ते बोलणे ऐकल्यापासून मी वर्गात एक पद्धत ठेवली. धड्यात उर्दूसारखा दिसणारा शब्द आला, की मी थांबत असे. मुलांपैकी कोणी तरी "म्हणजे काय?" विचारल्याशिवाय पुढे जात नसे. सुरुवातीला मुले हसत. हा शब्द तर आम्हांला येतो, म्हणत. मग 'मजकूर' आला. उर्दूत 'मजकूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो; मराठीत 'मजकूर' म्हणजे लिहिलेले सारे. मग 'जबाब' आला. उर्दूत 'जवाब' म्हणजे कोणतेही उत्तर. मराठीत जबाब पुष्कळदा पोलीस घेतात, वर्गात द्यायचे ते 'उत्तर'. महिन्याभरात मुले धड्याबाहेरचेही विचारू लागली. एसटीच्या पाटीवर काय लिहिले आहे, दवाखान्यात 'उपाशीपोटी या' म्हणाले म्हणजे काय करायचे, बँकेतला 'भरणा' म्हणजे काय. त्यांच्या प्रश्नांत 'माझा पुस्तक' होतेच, 'मीने'ही होते. मी प्रत्येक वेळी अडवत नसे. माणूस बोलत असताना दर शब्दाला त्याला थांबवले, तर तो काय बोलेल? प्रश्न पूर्ण होऊ द्यावा, उत्तर द्यावे आणि उत्तर देताना बरोबर रूप त्याच्या कानावर घालावे. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नसे. चूक जागच्या जागी सुधारावी, असे ते म्हणत. त्यांचे विद्यार्थी शुद्ध लिहीत. माझे जरा जास्त बोलत.

शाळा सुटताना शिक्षकांचा निरोप घ्यायचा असतो, तेव्हा उर्दूत 'चलता हूँ' म्हणता. मराठीत जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. "बरं सर, येतो." मुलगी म्हणेल, "येते, सर." पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, हा जातो आहे की येतो आहे? पण त्यात पुन्हा भेटण्याचे बोलणे असते.

आणि निघता निघता गृहपाठाचे बोलणे होते. इथे 'कल' घात करतो. उर्दूत गेलेला दिवस 'कल' आणि येणारा दिवसही 'कल'. मराठीत गेलेला तो 'काल' आणि येणारा तो 'उद्या'. "सर, मी वही काल आणीन," असे म्हणणारे दरवर्षी दोन-तीन तरी भेटत. मी त्यांना ही दोन नावे नीट समजावून सांगत असे. ती त्यांना समजलीही. मग एके दिवशी घंटा झाल्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, माझी वही घरी राहिली. उद्या सुट्टी आहे. परवा आणली तर चालेल का?"

वाक्यात एकही चूक नव्हती. मी खूश होऊन म्हणालो, "चालेल."

मागच्या बाकावरून एकाने हात वर केला. "सर, परवा तर होऊन गेला ना? तुम्हीच म्हणालात, परवा पाऊस पडला."

मी फळ्याकडे वळलो, खडू हातात घेतला आणि थांबलो. 'काल' आणि 'उद्या' वेगळे करणाऱ्या मराठीने 'परवा' मात्र उर्दूच्या 'परसों'सारखाच ठेवला आहे. गेलेलाही परवा, येणाराही परवा. वर्गातली सगळी मुले दप्तरे खांद्याला लावून माझ्या उत्तराची वाट पाहत होती.